सेल संपतो, इलेक्ट्रॉन संपत नाहीत

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीज खाण आहे. तिथले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी वापरले जाते. विद्युत अपघटनाने ते शुद्ध रूपात बनवणारा मॉइल या खाण कंपनीचा कारखानाही तिथेच आहे. प्रभार आणि इलेक्ट्रॉन यांविषयीचे गैरसमज तपासायला हा एक पदार्थ पुरेसा आहे.

इलेक्ट्रॉन जास्त म्हणजे प्रभार जास्त, असे अनेकांना वाटते. ८७ ग्रॅम मँगनीज डायऑक्साइडमध्ये २४७ वर तेवीस शून्ये, इतके इलेक्ट्रॉन असतात. तरी एकूण प्रभार शून्य, कारण प्रोटॉनही तितकेच. प्रभार ठरतो तो या दोहोंतल्या फरकावरून.

अधिक चिन्हाचा घोटाळा याहून चिवट आहे. चिन्ह अधिक, म्हणजे इलेक्ट्रॉनची भर पडली असणार, अशी समजूत होते. मँगनीजच्या अणूत २५ प्रोटॉन आणि २५ इलेक्ट्रॉन. कारखान्यातल्या आम्लयुक्त द्रावणात त्याचा आयन +२ प्रभाराचा असतो: प्रोटॉन २५च, इलेक्ट्रॉन मात्र २३. धनाग्रावर तो आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावतो, +४ स्थितीत जातो आणि डायऑक्साइड होऊन साचतो. आकडा चढला तो इलेक्ट्रॉन घटल्यामुळे. हा +४ मात्र हिशेबाचा आकडा आहे. ऑक्सिजनशी इलेक्ट्रॉनची भागीदारी असल्याने अणूवरचा प्रत्यक्ष प्रभार त्याहून कमी भरतो. शिकवताना हे सांगायलाच हवे.

असे ८७ ग्रॅम साचवायला सुमारे १,९३,००० कूलोम प्रभार लागतो, आणि एका कूलोममागे ६२४ वर सोळा शून्ये, इतके इलेक्ट्रॉन सरकतात.

आता टॉर्चमधला सेल. जस्त इलेक्ट्रॉन सोडते, ते दिव्यातून फिरून येतात आणि मँगनीज डायऑक्साइड ते घेते. एका टोकाने जितके बाहेर पडतात तितकेच दुसऱ्या टोकाने आत शिरतात. त्यामुळे वापरलेल्या सेलमध्येही इलेक्ट्रॉन पहिल्याइतकेच असतात. संपत येते ती रासायनिक अभिक्रिया.

मंदावलेले सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ पुन्हा चालतात, हा अनुभव खरा आहे. उष्णतेने उरलीसुरली अभिक्रिया वेग घेते, एवढेच त्यामागचे कारण. उन्हातून इलेक्ट्रॉन भरले जात नाहीत. पण उष्णतेने सेल चालतात म्हणून ते चुलीजवळ तापवू नका आणि विस्तवात तर मुळीच टाकू नका, ते फुटू शकतात.