अंगणातला रामशेज

दीपावलीत अंगणी किल्ला उभा राहिला की घराला सणाची कळा येते. यंदा आमच्या बालगोपाळांनी रामशेज करावयाचे ठरविले. नाशिकहून पेठच्या वाटेवर, आशेवाडी गावाशेजारचा हा गड म्हणजे प्रभू रामचंद्रांची शेज, अशी आपली श्रद्धा. १६८२ साली मोगलांनी त्यास वेढा घातला आणि तो कित्येक वर्षे झुंजला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकूड पोखरून, वर कातडे चढवून गडकऱ्यांनी तोफा केल्या, असे खुद्द मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो.

गतवर्षी आम्ही तटाला चकचकीत रंग फासला, तो किल्ला मिठाईच्या डब्यासारखा दिसू लागला! वेढा सोसलेला तट असा कसा असेल? या खेपेस विटा-दगडांच्या राशीवर चिखलाच्या काल्यात भिजविलेले गोणपाट अंथरले. त्याच्या चुण्यांतून कडे आपोआप उतरले. नुसती काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तीत शेण व भुसा कालविला. ओलसर तटावर कोळशाची पूड आणि राख बोटाने चोळली की पावसाळे खाल्लेला दगड दिसतो. लाकडी तोफांच्या तोंडाशी काजळी चिमूटभरच हवी. धाकट्याने मूठभर फासली. ती पुसता पुसता बुरूजच ढासळला. तो पुन्हा रचताना डागडुजीचे दगड निराळ्या रंगाचे लागले, आणि वेढ्यातल्या गडाला तेच शोभले.

अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरावे. कड्यावर नव्हे, पायथ्याशी. गडावरील राममंदिरापाशी पणतीपुरती जागा मोकळी ठेवली आहे.