कणभौतिकीतील समांतर संगणन व संशोधनपर आज्ञावलीलेखन : ट्रॉम्बेच्या संदर्भात

प्रस्तावना :
मूलकणांच्या संशोधनाचा विषय निघाला की प्रचंड त्वरकयंत्रे डोळ्यांसमोर येतात; त्यांतील माहितीचा अर्थ लावणारा आज्ञावलीकार मात्र नजरेआड राहतो. प्रस्तुत लेखात या कामाचे स्वरूप ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अनुषंगाने विशद केले असून महाविद्यालयीन अध्यापनाशी असलेला त्याचा संबंध तपासला आहे.

पार्श्वभूमी :
१९८० च्या दशकात भारताला महासंगणकांच्या आयातीत निर्बंधांना तोंड द्यावे लागले. त्यातून पुण्याच्या सी-डॅकने 'परम', तर ट्रॉम्बेच्या केंद्राने 'अनुपम' ही संगणकमालिका विकसित केली. १९९१ मध्ये चार प्रोसेसर जोडून पहिला 'अनुपम' सिद्ध झाला.

कामाचे स्वरूप :
जिनिव्हाजवळील 'सर्न' प्रयोगशाळेतील 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर'मध्ये प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा परस्परांना छेदतात. त्यांतील निवडक घटनाच साठविल्या जातात. प्रत्येक घटना स्वतंत्र असल्याने, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांत वाटावेत तशा त्या अनेक संगणकांत वाटता येतात. याउलट, क्वार्कांमधील बलाचे गणित अवकाश-काळाच्या जालकावर मांडले असता प्रत्येक बिंदूचे मूल्य शेजारच्या बिंदूंवर अवलंबून असते. तेथे प्रोसेसरांना सतत परस्परांशी देवाणघेवाण करावी लागते. शिवाय कामाचा ५ टक्के भाग अविभाज्य असेल, तर अॅमडालच्या नियमानुसार ६४ प्रोसेसर लावूनही वेग सुमारे १५ पटच वाढतो. प्रोसेसर कितीही वाढविले तरी २० पटींची मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणजेच यंत्रांच्या संख्येपेक्षा कामाची विभागणी निर्णायक ठरते आणि ती भौतिकी समजल्याखेरीज करता येत नाही.

ट्रॉम्बेचे योगदान :
अणुऊर्जा विभाग व 'सर्न' यांच्यात १९९१ मध्ये सहकार्य करार झाला. पुढे २००० नंतरच्या दशकात भाभा केंद्राच्या अभियंत्यांनी 'सर्न'च्या जागतिक संगणकजालासाठी आज्ञावली विकसित केल्या. त्या जालावर देखरेख ठेवणारी 'ग्रिडव्ह्यू' प्रणाली याच सहकार्याचे फलित होय. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्रही या जालाशी जोडले गेले.

अध्यापनाशी संबंध :
ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेत १९५७ पासून भौतिकीचे पदव्युत्तर व अभियांत्रिकीचे पदवीधर एकत्र घडत आले आहेत. महाविद्यालयांत मात्र भौतिकीचा विद्यार्थी आज्ञावलीलेखनापासून आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी भौतिकीपासून बहुधा दूरच राहतो. परिणामी, दोन्ही विषयांची जाण मागणाऱ्या संशोधनपदांसाठी गुणवान विद्यार्थीही अपुरे पडतात.

निष्कर्ष :
ही दरी मिटविण्यास महासंगणकाची आवश्यकता नाही. यादृच्छिक संख्यांद्वारे कणांच्या क्षयाचे सादृश्यीकरण करणारी आज्ञावली दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहावी. एक, दोन व चार प्रोसेसरांवर लागणारा वेळ मोजावा आणि वेग अपेक्षेइतका का वाढला नाही, याचे उत्तर शोधावे. असा संयुक्त प्रकल्प महाविद्यालयाच्या विद्यमान प्रयोगशाळेतही राबविता येईल.