मालाची वाट (लेखांक ७) : आधी गाडी, मग तोडणी

गेल्या आठवड्यात गोदामातल्या साठ्याचा हिशेब मांडला. आज साठवून ठेवता न येणाऱ्या मालाकडे वळू. त्यासाठी घोलवडच्या चिकूइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

चिकूवर हलकेच नख ओढायचं. हिरवी रेघ उमटली तर फळ कच्चं, पिवळसर उमटली की तोडायला झालं. लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीत ते अलगद उतरतं, देठाशी पांढरा चीक येतो आणि त्या क्षणापासून दिवस मोजायला लागायचे. तयार चिकू झाडावर काही दिवस थांबतो. तोडला की आठवड्याभरात मऊ पडतो. शीतगृहही फारसं कामाला येत नाही, कारण फार थंडीत ठेवलेलं फळ पुढे नीट पिकतच नाही. या मालाचं खरं गोदाम म्हणजे झाड.

म्हणून वेळापत्रक शेवटाकडून मांडायचं. वाशीच्या सकाळच्या बाजारात माल हवा तर गाडी आदल्या रात्री सुटायला हवी. त्याआधी वखारीत फळ धुऊन, वाळवून, आकारानुसार निवडून खोकी भरून व्हायला हवीत. म्हणजे तोडणी त्याच दिवशी सकाळी. दिल्लीचा माल असेल तर तलासरीला महामार्ग धरल्यावर पुढचा प्रवासच फळाचे दोनेक दिवस खातो. तिथे जास्त टणक फळ निवडावं लागतं आणि वखारीत एक रात्रही वाया घालवता येत नाही.

घोटाळा होतो तो दोन वेळापत्रकं वेगवेगळी चालतात तेव्हा. बागायतदार मजूर मिळतील त्या दिवशी तोडतो, ट्रकवाला गाडी भरेल त्या दिवशी निघतो. आपापल्या जागी दोघंही बरोबर. गाडी अर्धी भरो की पूर्ण, डिझेल फारसं कमी लागत नाही. तेव्हा तो थांबणारच. पण थांबण्यातला तो एक दिवस फळाच्या आयुष्यातून वजा होतो आणि किंमत मोजतो बागायतदार. डिझेलची बचत कागदावर दिसते, खोक्यात मऊ पडलेला चिकू थेट बाजारातच दिसतो.

याचं उत्तर आपल्याच राज्यात जुनं आहे. साखर कारखान्यात ‘तोडणी-वाहतूक’ हा एकच शब्द आहे, आणि तो उगाच पडलेला नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घसरतो. म्हणून कारखान्याचा शेतकी विभाग लागणीच्या नोंदी पाहून तोडीची पाळी लावतो, टोळी आणि वाहन जोडीने पाठवतो आणि रोजच्या गाळपाला पुरेल एवढाच ऊस आणवण्याचा प्रयत्न करतो. वशिल्याने पाळी मोडते, गव्हाणीपुढे रांगा लागतात, हे खरं. तरी तोड आणि वाहन एकाच वहीत मांडायचं हे तत्त्व पक्कं आहे. चिकूला असा शेतकी विभाग नाही. ते काम वखारवाला अनुभवाने करतो.

भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू २०२१ मध्ये ब्रिटनला गेला, तेव्हा त्याची हाताळणी गुजरातेतल्या तापी इथल्या पॅकहाउसमध्ये झाली. निर्यातीत हा क्रम आणखी कडक होतो: विमानातली जागा आधी ठरते, पॅकहाउसची वेळ त्यानुसार आणि तोडणी सगळ्यात शेवटी. या निर्यातीच्या आधी, ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर ही पहिली किसान रेल सुटली. रेल्वेचा मोठा गुण म्हणजे तिची वेळ आधी ठाऊक असते. पण ती कुणाच्या तोडणीसाठी थांबत नाही, म्हणून तिच्यासाठी गावाने आधी एकत्र बसणं भाग पडतं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत वाहतूक खोळंबली आणि गाडी हा शेतीचाच भाग आहे, हे सगळ्यांना कळलं. तेव्हा डहाणू-तलासरीच्या बागायतदारांना माझी विनंती आहे: एका वखारीला माल घालणाऱ्यांनी आठवड्याच्या सुरुवातीला कुणाची तोड कोणत्या वारी आणि किती खोकी, एवढं एका वहीत लिहून ठेवावं आणि ट्रकवाल्याला तीच वही दाखवून गाडी ठरवावी. यासाठी संगणक लागत नाही.

(पुढील आठवड्यात : परतीची रिकामी गाडी)