व्हीपीएन लावून मराठी मालिका



उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतात आणि सामान उघडायच्या आधीच विचारतात, "आमची मालिका इथे दिसते ना?" तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे इथले दुपारचे साडेचार, चहाचीच वेळ. मग कुणीतरी सांगतं, व्हीपीएन टाका. आम्ही पडलो आयटीवाले, तेव्हा फोन आम्हालाच येतो.

कार्यक्रमांचे हक्क देशवार विकले जातात. तुमच्या आयपी पत्त्यावरून साइटला देश कळतो आणि जर्मनी दिसला की दार बंद. व्हीपीएन तुमचा डेटा कुलूपबंद करून आधी दुसऱ्या देशातल्या सर्व्हरकडे नेतो. साइटला दिसतो तो त्याचा पत्ता.

एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या 'सर्ट-इन'ने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपायला सांगितलं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी तिथले सर्व्हर काढले. एक्सप्रेसव्हीपीएनने मग भारताचा पत्ता सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून द्यायला सुरुवात केली. असे पत्ते साइटवाले ओळखून अडवतात, म्हणून आज चाललेलं उद्या चालेलच असं नाही. शिवाय वर्गणी भरायला बऱ्याचदा भारतातला मोबाइल नंबर किंवा कार्ड लागतं, ते वेगळंच.

फुकटच्या व्हीपीएनपासून मात्र चार हात लांब राहा. २०१५ मध्ये 'होला'चं प्रकरण गाजलं. फुकट वापरणाऱ्यांच्या घरच्या कनेक्शनवरून अनोळखी लोकांची ये-जा चालू होती आणि कंपनी ही सोय दुसऱ्या नावाने विकत होती. जर्मनीत हे फार महागात पडू शकतं. कुणी तुमच्या पत्त्यावरून सिनेमा टोरंटवर टाकला, तर वकिलाचं आबमानुंग तुमच्या नावाने येतं, आणि तो मी नव्हेच हे पटवत बसायचं तुम्ही.

व्हीपीएन वापरणं जर्मनीत बेकायदा नाही. पण देश लपवून पाहणं बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही. खातं बंद झालं तर तक्रारीला जागा नाही. 'सगळे भारतीय चॅनेल, एकदाच पैसे' म्हणून मिळणारे डबे मात्र सरळ चोरीचा माल. उघडपणे बेकायदा ठिकाणाहून स्ट्रीमिंग पाहणंही हक्कभंग ठरू शकतं, असं युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये अशाच एका डब्याच्या खटल्यात म्हटलं आहे.

म्हणून आधी सरळ मार्ग बघा. झीफाइव्हची परदेशस्थांसाठीची आवृत्ती २०१८ पासून आहे. तुमची मालिका तिथे असेल तर व्हीपीएन लागतच नाही.

आणि स्पेनला सुट्टीवर जाणार असाल, तर इथली पैसे भरून घेतलेली सेवा एप्रिल २०१८ पासूनच्या युरोपीय नियमाने तिथेही चालते. पुण्याला गेल्यावर तो नियम उपयोगाचा नाही.