परक्या किनाऱ्यावरील पोलिश पाहुणे

पोलंड हे राष्ट्र १२३ वर्षे युरोपच्या नकाशावरून पुसले गेले होते. १९१८ साली ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्याच्या वाट्यास बाल्टिक समुद्राचा केवळ एक तुकडा आला. १० फेब्रुवारी १९२० रोजी पुट्स्क येथे जनरल हालर ह्यांनी समुद्रात अंगठी टाकून आपल्या राष्ट्राचा त्याच्याशी विवाह लाविला. विवाह झाला खरा, परंतु त्या किनाऱ्यावर कोळ्यांचीच गावे होती. हवापालटास येणाऱ्या पाहुण्यास उतरावयास धड जागा नव्हती.

ज्यांच्या गाठीशी पैसा होता ते फ्रान्समधील नीस किंवा इटलीच्या ताब्यात गेलेले अबात्सिया गाठीत. काही बल्गेरियातील वार्ना येथे जात. पोलंडचा तरुण राजा व्वादिस्वाव तेथेच १४४४ साली तुर्कांशी लढताना पडला. १९३५ मध्ये त्याचे स्मारक उभे राहिल्यावर समुद्रस्नानास देशाच्या इतिहासाचीही जोड मिळाली. मार्शल पिल्सुद्स्की १९३०च्या अखेरीस प्रकृतीसाठी पोर्तुगालच्या मदेरा बेटावर जाऊन राहिले. गोव्यातील आमच्या वाचकांस ह्या बेटाचे नाव नवे नसावे. पण सामान्य शिक्षकास किंवा कारकुनास असला प्रवास कोठून परवडणार? पैसा देशाबाहेर जाऊ नये म्हणून सरकारने पारपत्राचे शुल्कच जबर ठेविले होते.

मग मध्यमवर्ग वळला सोपोटकडे. हे गाव डान्झिगच्या स्वतंत्र नगरात मोडे. ते पोलंडच्या जकातीच्या हद्दीत असले तरी राज्य निराळे, नाणे निराळे आणि बहुतेक वस्ती जर्मन. तेथे समुद्रात दूरवर गेलेला लाकडी धक्का होता, वनातील खुल्या रंगमंचावर वाग्नरची संगीतनाटके होत, आणि जुगारगृहही होते. ह्या शेवटल्या संस्थेविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. तेथे किती कुटुंबांची पुंजी बुडाली असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. कॅथलिक पाहुण्यांस समाधान एवढेच की, रविवारच्या मिस्सेसाठी गावात 'समुद्राचा तारा' पवित्र मरियेचे देऊळ होते.

पोलिश पाहुण्यांचा, त्यांत पुष्कळ यहुदी कुटुंबेही होती, पैसा गावास हवा होता. माणसे मात्र सर्वांस हवी होती असे नाही. १९३३ मध्ये डान्झिगची सत्ता नाझींच्या हाती गेली आणि यहुद्यांचा अपमान व छळ सुरू झाला. पाहुणे हळूहळू स्वदेशाच्या किनाऱ्याकडे वळू लागले. हेलच्या भूशिरावर कॅशूबी कोळ्यांच्या घरांतील खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, युराता हे नवे विश्रामस्थान वसले, आणि गिडनियाच्या खेड्याचे तर लाखाहून अधिक वस्तीचे बंदर झाले.

डान्झिगचे बंदर जेथे समुद्रास मिळते तेथे वेस्टरप्लाटे नावाचे भूशिर आहे. एके काळी तेही स्नानाचे रम्य ठिकाण होते. १९२४ साली पोलंडला दारूगोळ्याच्या कोठारासाठी ते देण्यात आले, आणि १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन युद्धनौकेने त्याच्यावर तोफा डागल्या. त्याच दिवशी डान्झिगमधील पोलिश धर्मगुरूंची धरपकड झाली. घोडेस्वारीच्या जुन्या शाळेचे देऊळ करून पोलिश लोकांसाठी धर्मग्राम उभारणारे फादर ब्रोनिस्वाव कोमोरोव्स्की आणि शाळेत धर्मशिक्षण देणारे फादर मारियान गुरेत्स्की ह्यांस श्टुटहोफच्या छळछावणीत नेण्यात आले. २२ मार्च १९४० रोजी, शुभ शुक्रवारी, त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १३ जून १९९९ रोजी दोघांस धन्यवादित घोषित केले.

त्याच युद्धात देशोधडीस लागलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ ह्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. त्यांच्या छावणीतही देऊळ होते. सोपोट १९४५ पासून पोलंडमध्ये आहे, आणि उन्हाळ्यात तेथील धक्क्यावर आजही गर्दी असते.