आजचा खटारा, उद्याची क्लासिक?

मंडळी, आपल्या आखाती संसारात गाडी म्हणजे घरातले एक माणूसच. लायसन्स हातात पडले की जुनी सनी किंवा कोरोला, मुले झाली की मोठी गाडी, आणि परतीचे ठरले की सुपरमार्केटच्या फळ्यावर ‘गाडी विकणे आहे’ अशी चिठ्ठी. अशा साध्या गाड्यांतली कोणती पुढे संग्राहक शोधत येतील, हा अंदाज बांधण्याचा खेळ गप्पांच्या अड्ड्यावर नेहमी रंगतो. या वेळी त्याचाच हिशेब मांडू या.

आधी वयाचे बघू. दुबईत गाडीने 30 वर्षे गाठली की तिला ‘क्लासिक’ची वेगळी नंबरपाटी मिळू शकते. भारतात 2021 च्या नियमानुसार 50 वर्षे ओलांडलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण नुसत्या वयाने किंमत येत नाही. तसे असते तर शारजाच्या सनैयातला प्रत्येक सांगाडा सोन्याच्या भावाने गेला असता!

आमच्या मते त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. लहानपणी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या पिढीच्या हातात चाळिशीत पैसा यावा लागतो. तोवर बहुतेक गाड्या भंगारात जाऊन मोजक्याच उरलेल्या असाव्या लागतात. आणि उरलेल्यांसाठी सुटे भाग व ते बसवणारा मिस्त्री मिळावा लागतो.

आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आठवा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईत इतकी होती की तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नसे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची 20 वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरून आले. मारुती 800 चे तेच. पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 रोजी ग्राहकाच्या हाती गेली, 2014 मध्ये उत्पादन थांबले, आणि ती पहिली गाडी आता कंपनीनेच दुरुस्त करून जपून ठेवली आहे.

कधी एखादी गोष्टसुद्धा गाडीचे नशीब पालटते. 1983 ते 1987 या काळातली कोरोलाची ‘एई86’ ही जपानात तशी बेताच्या किमतीची गाडी. 1995 पासून निघालेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेत टोफू पोचवणारा मुलगा ती घाटात पळवू लागला आणि जगभरचे शौकीन तिच्यामागे लागले.

आता इथले बघू. 1984 पर्यंत निघालेली चाळीस सिरीजची लँड क्रूझर, नव्वदच्या दशकातली ऐंशी सिरीज आणि 1997 मध्ये आलेली निसान पेट्रोल यांचे भाग्य केव्हाच उजळले आहे. वाळूत टिकल्या, यंत्रे साधी, आणि स्थानिक कुटुंबांत आजोबांची आठवण म्हणून राखल्या गेल्या. अमेरिकेत 25 वर्षांवरच्या परदेशी गाड्या आणण्याचे नियम सैल असल्याने तिकडूनही गिऱ्हाईक असते.

पण आपल्या सनी, कोरोला, लान्सर कुठे गेल्या? त्या जपायला कुणी थांबलेच नाही. व्हिसा संपला की आपण निघालो. गाडी बरोबर नेणेही शक्य नव्हते, कारण भारतात वापरलेली गाडी न्यायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते. मग ती अल अवीरच्या बाजारात गेली, आणि तिथून कितीतरी गाड्या जहाजाने आफ्रिकेला. आमचे म्हणणे एवढेच, की गाडी क्लासिक होते ती मालक एका जागी टिकतो तिथे.

आता चित्र थोडे बदलते आहे. 2019 पासून गोल्डन व्हिसा आला. इथे जन्मलेली आपली मुले चाळिशीत पोचली, काहींनी घरेही घेतली. त्यांना वडिलांची लान्सर हवीशी वाटली तर नवल नाही. म्हणून आमचा अंदाज: नव्वदच्या दशकातली, कॅसेट प्लेयरसकट मूळ स्थितीतली कोरोला, आणि पजेरो. डकार शर्यत 12 वेळा जिंकलेल्या या पजेरोचे उत्पादन 2021 मध्ये थांबले. अलीकडच्या पडदे आणि चिप भरलेल्या गाड्यांबद्दल मात्र शंका वाटते. पडदा गेला की वीस वर्षांनी तो देणार कोण?

तरीही कमाईच्या आशेने कुणी जुनी गाडी घेऊ नये. उन्हाने डॅशबोर्ड तडकतो, रबर वाळते, दरवर्षीचे पासिंग आणि विमा चुकत नाही. आवडीने जपायची असेल तर जरूर जपा. रंग मूळचाच ठेवा, सर्व्हिसची पावती फेकू नका.

आणि गाडी विकावीच लागली तर मुल्कियाची एक झेरॉक्स आणि सगळ्या कुटुंबाचा गाडीसोबतचा एक फोटो काढून ठेवा. पुढे मुलांना तीच गाडी शोधावीशी वाटली, तर सुरुवात तिथूनच होईल.