जुन्या लावणीचा साज कमी पैशांत: दोन जुन्या साड्यांची नऊवारी कशी होते?

रीलवर सध्या जुन्या काळच्या लावणी लूकची चलती आहे. परदेशात जशी जुन्या बर्लेस्क खेळांचे पोशाख स्वस्तात पुन्हा शिवायची हौस आहे, तशीच ही आपल्याकडची. अडचण एकच, ती म्हणजे खर्च.

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि नामदेवांचं घराणं शिंप्याचं. अशा गावातून गॅदरिंगसाठी लावणी बसवताय? मग भाड्याच्या पोशाखासाठी हिंगोली-नांदेड गाठण्याआधी घरातली पेटी उघडा.

आधी जुना लूक म्हणजे काय ते बघू. चमकीची साडी आणि टिकल्यांचा ब्लाउज म्हणजे जुनं नव्हे. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' बघा. चित्रपट कृष्णधवल असल्याने रंग कळत नाहीत, पण नेसणं कळतं: घट्ट कासोटा, ठसठशीत काठ, खांद्यावरून कमरेत खोचलेला पदर. या लूकचं काम काठ आणि नेसण करतात, चमक नाही.

आता गणित. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण ८.२ मीटर. नेहमीची साडी ५.५ मीटरची. सारख्या रंगाच्या, सारख्या काठाच्या दोन जुन्या साड्या जोडल्या की ११ मीटर कापड होतं. नऊवारीला लागतं तेवढं ठेवून जवळपास पावणेतीन मीटर उरतं. त्यातून चोळी निघते, कमरपट्ट्याचं कापडही निघतं.

जोड मात्र कुठेही घालू नका. नऊवारीचं एक टोक कमरेला गाठीत जातं, दुसरं टोक म्हणजे पदर. मधला भाग निऱ्यांत जातो. जोड तिथेच आला पाहिजे, म्हणजे दिसत नाही. काठाला काठ जुळवा आणि शिवण दुमडून सपाट करा, नाहीतर नाचताना मांडीला टोचते.

दोन सारख्या साड्या नाहीतच? साडीचं अंग विरलं तरी काठ बहुतेक वेळा टिकतो. तो उसवून साध्या सुती कापडाला लावता येतो. हा उपाय वेळखाऊ आहे, पण दिसायला सगळ्यात अस्सल.

आजीची खरी रेशमी पैठणी मात्र यात ओढू नका. वर्षानुवर्षं घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं, आणि लावणीत बसकण मारली की हमखास.

एका सहावारीतून शिवलेली तयार नऊवारीही मिळते. दोन नाचांमध्ये पाच मिनिटंच असतील तर ती सोयीची आहे. पण तिच्या निऱ्या शिवलेल्या असतात, त्यामुळे पायाबरोबर उघडत नाहीत. कॅमेऱ्यात तो फरक लगेच कळतो.

कमरपट्टा पुठ्ठ्याचा केला तर घामाने मऊ पडतो. शिंप्याकडे कॉलरसाठी बकरम असतं. त्याची पट्टी कापून त्यावर सोनेरी लेस शिवली की पट्टा वाकतो, पण मोडत नाही. ठुशी, बाजूबंद, नथ जत्रेतल्या दुकानातली चालतात. लांबून खरं-खोटं कोण बघतंय?

पैसा वाचवू नये ती जागा म्हणजे चाळ. पत्र्याचे घुंगरू नुसते खुळखुळतात, म्हणून पितळीच घ्या. नवशिक्याला एका पायात ५० पुरे. ते सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवतात आणि घोट्यावर आधी कापड गुंडाळून बांधतात. फडावरच्या कलावंत बायका काही किलोंचे चाळ बांधून रात्रभर नाचत आल्या आहेत. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावंतिणीला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. त्यामुळे रीलखाली 'तमाशातल्या बाईसारखी दिसतेस' अशी कमेंट आली, तर ती शिवी समजून डिलीट करायची घाई नको.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळा साज अंगावर घालून दहा मिनिटं जोरात नाचून बघा. कासोटा सुटणार असेल तर तो तेव्हाच सुटतो, आणि सेफ्टी पिन कुठे हवी तेही तेव्हाच कळतं.